सीलची शिकार आणि बंद झालेली बाजारपेठ

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये हार्प सीलची व्यापारी शिकार होते. सागरी सस्तन प्राण्यांची एवढी मोठी व्यापारी कत्तल जगात दुसरीकडे कुठे होत नव्हती. तिच्याविरुद्धची मोहीम १९६० च्या दशकात उभी राहिली आणि पन्नास वर्षांहून अधिक काळ चालली. बर्फावर जाऊन शिकाऱ्याचा हात धरण्याचे प्रयत्न तिच्यात खूप झाले, ते गाजलेही. पण शिकार खऱ्या अर्थाने मोडली ती कातड्याला गिऱ्हाईक उरले नाही तेव्हा. या मोहिमेचे यश आणि तिच्यामुळे आर्क्टिकमधल्या इनुइट समाजावर झालेला अन्याय, दोन्ही याच मार्गाने आले.

हार्प सीलचा उन्हाळा ग्रीनलँड आणि कॅनडाच्या आर्क्टिक समुद्रात जातो. पाणी गोठू लागले की त्यांचे कळप दक्षिणेकडे सरकतात आणि फेब्रुवारीच्या अखेरीपासून माद्या तरंगत्या बर्फाच्या पठारांवर वितात. याची ठिकाणे ठरलेली आहेत. एक सेंट लॉरेन्सच्या आखातात, माग्दालेन बेटांच्या आसपास. दुसरे न्यूफाउंडलंडच्या ईशान्येला, ज्याला शिकारी ‘फ्रंट’ म्हणतात. जन्मताना पिल्लू दहा-अकरा किलोचे असते. दोन-तीन दिवसांत त्याचे केस पांढरेशुभ्र होतात. म्हशीच्या दुधात सात टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो, तर हार्प सीलच्या दुधात तो जवळजवळ निम्मा असतो. त्यामुळे पिल्लाचे वजन रोज दोन किलोंनी वाढते आणि बारा दिवसांत ते पस्तीस किलोंच्या घरात जाते. मग आई अंगावर पाजणे एकदम थांबवते आणि निघून जाते. पिल्लू एकटेच बर्फावर पडून राहते, काही खात नाही, साठवलेल्या चरबीवर जगते. दोन आठवड्यांचे झाले की पांढरे केस झडू लागतात आणि खालून करडी, ठिपकेदार कातडी दिसू लागते. तोवर त्याला नीट पोहता येत नसते. माणूस समोर आला तर ते पळत नाही. पळायला त्याच्याकडे जागाही नसते आणि अंगात तेवढे बळही नसते. या शिकारीचा सगळा हिशेब या तीन-चार आठवड्यांच्या असहायतेवर बसवलेला आहे.

सुरुवातीला हा धंदा कातड्यापेक्षा तेलाचा होता. अठराव्या शतकापासून न्यूफाउंडलंडचे लोक सीलच्या चरबीचे तेल ब्रिटनला पाठवत. ते दिव्यांत जळे, साबणात आणि कातडी कमावण्याच्या कामात वापरले जाई. १८३० ते १८५० च्या दशकांत काही वर्षी पाच लाखांहून अधिक सील मारले गेले. पुढे वाफेची जहाजे आली आणि हंगाम मोठ्या व्यापाऱ्यांच्या हाती गेला. जहाजावर जागा मिळावी म्हणून गरीब कोळी सेंट जॉन्सच्या धक्क्यावर गर्दी करत, कारण हिवाळ्याच्या शेवटी घरात दुसरी कमाई नसे. ३१ मार्च १९१४ रोजी ‘न्यूफाउंडलंड’ नावाच्या जहाजावरची माणसे शिकारीसाठी बर्फावर उतरली आणि हिमवादळात सापडली. ही माणसे दुसऱ्या जहाजावर असतील असे त्यांच्या कप्तानाला वाटले, तर त्या दुसऱ्या जहाजावरच्यांना ती ‘न्यूफाउंडलंड’कडे परतली असतील असे वाटले. ‘न्यूफाउंडलंड’वरचे बिनतारी यंत्र फायद्याचे नाही म्हणून मालकांनी आधीच काढून घेतले होते, त्यामुळे विचारायची सोयही नव्हती. १३२ माणसे दोन रात्री उघड्या बर्फावर राहिली. त्यांतली ७८ गेली. त्याच वादळात ‘सदर्न क्रॉस’ हे दुसरे जहाज सगळ्या माणसांसह बुडाले. दोन्ही मिळून अडीचशे माणसे एका वादळात गेली. न्यूफाउंडलंडच्या गावागावांत ही आठवण अजून जिवंत आहे. पुढच्या काळात बाहेरून आलेले लोक सील मारणाऱ्यांना क्रूर म्हणू लागले तेव्हा तिथल्या माणसांना एवढा राग का आला, हे या आठवणीशिवाय समजत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर धंद्याचे स्वरूप पालटले. पांढऱ्या केसांची कातडी केस न झडता कमावण्याची पद्धत निघाली आणि युरोपच्या फॅशनच्या बाजारात तिला भाव आला. नॉर्वेची मोठी जहाजे दर वर्षी फ्रंटवर येऊ लागली. एकीकडे कॅनडाची, दुसरीकडे नॉर्वेची अशी अनिर्बंध शिकार चालली आणि १९७० च्या सुमारास हार्प सीलची संख्या वीस लाखांच्याही खाली गेली. म्हणजे मोहीम सुरू झाली तेव्हा काळजीची कारणे दोन होती: प्राणी संपत चालला होता आणि तो ज्या रीतीने मारला जात होता ती रीत बघवत नव्हती. पुढे पहिले कारण मागे पडले, दुसरे टिकले.

१९६४ मध्ये माग्दालेन बेटांवरच्या शिकारीचा एक चित्रपट कॅनडाच्या फ्रेंच दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. त्यात जिवंत सीलची कातडी सोलली जात असल्याचे दृश्य होते. ते चित्रीकरणासाठी पैसे देऊन करवून घेतले गेले, असे एका माणसाने नंतर शपथेवर सांगितले आणि त्यावरून वाद कायमचा राहिला. पण दृश्य युरोपभर पोहोचले होते. न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या प्राणिदया संस्थेत काम करणारा, मूळचा वेल्सचा ब्रायन डेव्हिस याने हा प्रश्न हाती घेतला. वार्ताहर आणि छायाचित्रकारांना तो थेट बर्फावर घेऊन गेला. १९६८ मध्ये लंडनच्या ‘डेली मिरर’ने पहिल्या पानावर पिल्लावर उगारलेल्या सोट्याचे छायाचित्र छापले. १९६९ मध्ये डेव्हिसने आंतरराष्ट्रीय प्राणिकल्याण निधी ही संस्था स्थापन केली. कॅनडाने १९७१ मध्ये पहिल्यांदा पूर्ण शिकारीसाठी २,४५,००० चा कोटा ठरवला. १९७२ मध्ये अमेरिकेने सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा केला आणि सीलच्या वस्तूंची आयात थांबवली.

१९७६ मध्ये ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेचे रॉबर्ट हंटर, पॉल वॉटसन आणि त्यांचे सहकारी न्यूफाउंडलंडच्या उत्तर टोकाला सेंट अँथनी गावात पोहोचले. पिल्लांच्या पांढऱ्या केसांवर निरुपद्रवी हिरवा रंग फवारायचा, म्हणजे कातडी विकताच येणार नाही, अशी त्यांची योजना होती. सरकारने घाईने नियम करून सीलला रंग लावणे बेकायदा ठरवले आणि गावकऱ्यांनी त्यांना घेराव घातला. शेवटी हंटरने रंगाचा बेत सोडला. स्थानिक छोट्या शिकाऱ्यांऐवजी नॉर्वेच्या मोठ्या जहाजांना विरोध करायचा, अशी तडजोड झाली. मग हंटर आणि वॉटसन बर्फ फोडत येणाऱ्या जहाजाकडे पाठ करून त्याच्या वाटेत उभे राहिले. पुढच्या वर्षी फ्रेंच अभिनेत्री ब्रिजित बार्दो स्वित्झर्लंडच्या फ्रान्झ वेबर या कार्यकर्त्याबरोबर आली आणि तिचे छायाचित्र जगभरच्या मासिकांत झळकले. सरकारने उत्तरादाखल परवान्याशिवाय शिकारीच्या जवळ जाणे गुन्हा ठरवले. १९७८ मध्ये ग्रीनपीसच्या पॅट्रिक मूर यांना सीलच्या पिल्लाला अंगाखाली झाकून धरल्याबद्दल अटक झाली. या सगळ्या धाडसातून त्या त्या वर्षी वाचलेल्या पिल्लांची संख्या नगण्य होती. बर्फाचा विस्तार शेकडो मैलांचा, माणसे मूठभर आणि पोलिस शिकाऱ्यांच्या बाजूला. त्यातून जे मिळाले ते छायाचित्र होते आणि ते युरोपातल्या स्वयंपाकघरांत, शाळांत, टपालाच्या पेट्यांत पोहोचले.

डेव्हिसला हे लवकर उमगले. त्याच्या संस्थेने घराघरांत पत्रे पाठवली. पत्रासोबत आपल्या युरोपीय संसद सदस्याला धाडायची तयार पोस्टकार्डे असत. लाखो पत्रे ब्रसेल्स आणि स्ट्रासबर्गला जाऊन पडली. १९८२ मध्ये युरोपीय संसदेने बंदीची मागणी करणारा ठराव केला आणि मार्च १९८३ मध्ये युरोपीय समुदायाने पांढऱ्या केसांच्या हार्प पिल्लांची आणि हूडेड सील या दुसऱ्या जातीच्या निळसर पाठीच्या पिल्लांची कातडी आयात करायला मनाई केली. ती सुरुवातीला दोन वर्षांपुरती होती, पुढे कायम झाली. तेवढ्यावर मोहीम थांबली नाही. ब्रिटनच्या ग्राहकांना कॅनडाची मासळी घेऊ नका असे आवाहन झाले आणि १९८४ मध्ये टेस्कोसारख्या मोठ्या दुकानसाखळीने ते मानले. सीलच्या कातड्याच्या तुलनेत मासळीची निर्यात कॅनडासाठी कितीतरी मोठी होती, त्यामुळे हा घाव वर्मी बसला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दोन लाखांच्या घरात असलेली वार्षिक शिकार १९८५ पर्यंत वीस हजारांच्या आसपास आली. न्यायमूर्ती आल्बेर मालुफ यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शाही आयोगाने १९८६ मध्ये अहवाल दिला आणि डिसेंबर १९८७ मध्ये कॅनडाने पांढऱ्या आणि निळसर पाठीच्या पिल्लांची व्यापारी शिकार तसेच मोठ्या जहाजांचा वापर बंद केला.

या यशाची किंमत ज्यांनी मोजली ते फ्रंटवर कधी गेलेच नव्हते. आर्क्टिकमधले इनुइट मुख्यतः रिंग्ड सील ही वेगळी जात मारतात: वर्षभर, बर्फातल्या श्वास घेण्याच्या भोकापाशी तासन् तास थांबून, बहुधा मोठे प्राणी, आणि आधी खाण्यासाठी. मांस गावात वाटले जाते. कातड्याचे कपडे आणि पायताण होते. उरलेले कातडे विकून बंदुकीच्या गोळ्या, इंधन आणि बर्फावर चालणाऱ्या गाडीचे भाग येतात. १९८३ च्या युरोपीय आदेशात इनुइटांच्या पारंपरिक शिकारीला सूट होती. पण ज्या गिऱ्हाइकाच्या मनात ‘सीलचे कातडे’ म्हणजे रक्ताने माखलेले पांढरे पिल्लू असे बसले होते, ते कातडे कुठल्या सीलचे आणि कुणी आणलेले आहे हे विचारायला थांबत नव्हते. मागणी कोसळली तशी रिंग्ड सीलच्या कातड्याची किंमतही कोसळली आणि आर्क्टिक गावांत रोख पैशाचा एक मोठा झरा दोन-तीन वर्षांत आटला. जिथे दुसरा रोजगार जवळजवळ नाही आणि किराणा विमानाने येतो, तिथे याचा अर्थ उपासमार आणि सरकारी मदतीवरचे अवलंबन असा होता. बहिष्काराचे हत्यार धारदार असते, पण ते माणूस पाहून चालत नाही. मोहीम चालवणाऱ्यांनी हे आधीच ओळखायला हवे होते. ग्रीनपीसने १९८० च्या दशकातच या मोहिमेतून अंग काढून घेतले आणि २०१४ मध्ये तिच्या कॅनडा शाखेने इनुइटांची जाहीर माफी मागितली. २०१६ मध्ये आलेल्या अलेथिया आर्नाकुक-बॅरिल यांच्या ‘अँग्री इनुक’ या माहितीपटात ही बाजू त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळते.

१९९२ मध्ये न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी बंद करावी लागली. अतिमासेमारीने कॉडचा साठा संपला होता आणि हजारो कोळ्यांचा रोजगार गेला. सील कॉड खातात, म्हणून सील कमी करा, असा आग्रह तिथून जोर धरू लागला. हार्प सीलच्या आहारात कॉडचा वाटा थोडा असतो आणि साठा ढासळला तो जाळ्यांमुळे, असे अनेक शास्त्रज्ञांनी दाखवले. आखाताच्या दक्षिण भागात ग्रे सील कॉडला सावरू देत नसावेत, हेही काहींनी मांडले. जाळ्यांना दोष देणारे म्हणणे सरकारने फारसे मनावर घेतले नाही. १९९६ मध्ये कोटा अडीच लाखांवर गेला. २००३ मध्ये तीन वर्षांसाठी ९,७५,००० चा कोटा जाहीर झाला आणि २००४ मध्ये तीन लाख साठ हजारांहून अधिक सील मारले गेले. कायद्याने पांढरी पिल्ले वगळलेली होती, म्हणून शिकारी केस झडलेल्या पिल्लांची वाट पाहू लागले. ती पाण्यात फटके मारत पोहायला शिकतात म्हणून त्यांना ‘बीटर’ म्हणतात. मारले जाणारे बहुतांश सील तीन महिन्यांखालचे होते. पत्रकांवर मात्र पांढरे पिल्लूच राहिले. हा मोहिमेतला दोष होता. सरकारला तो फार सोयीचा पडला, कारण ‘पांढऱ्या पिल्लांना आम्ही हात लावत नाही’ एवढे म्हटले की खरा प्रश्न टाळता येत होता.

तो प्रश्न वेदनेचा होता. शिकारीत रायफल आणि हाकापिक वापरतात. हाकापिक म्हणजे लांब लाकडी दांडा, त्याच्या टोकाला एका बाजूने लोखंडी हातोडी आणि दुसऱ्या बाजूने वाकडा अणकुचीदार आकडा. हातोडीने कवटी फोडायची, आकड्याने प्राणी बर्फावरून ओढायचा. रक्तामुळे ते पाहणाऱ्याला भयानक दिसते, पण हलत्या बोटीतून दूरच्या सीलवर झाडलेली गोळी चुकली तर जखमी प्राणी पाण्यात बुडून हाल हाल होऊन मरतो आणि मोजणीतही येत नाही. प्राणिकल्याण निधीने नेमलेल्या पशुवैद्यांनी २००१ मध्ये तपासलेल्या कवट्यांपैकी ४२ टक्क्यांवर मोडतोड फार थोडी होती किंवा मुळीच नव्हती. म्हणजे ते प्राणी सोलताना शुद्धीवर असण्याची शक्यता होती. पुढच्याच वर्षी कॅनडाच्या पशुवैद्यकीय नियतकालिकातल्या अभ्यासाने ९८ टक्के सील स्वीकारार्ह रीतीने मारले जातात असा निष्कर्ष काढला. शिकारी कोणी पाहत असताना आणि पाहत नसताना सारखाच वागेल याची हमी मात्र कुणाकडे नव्हती. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००७ मध्ये दिलेला निष्कर्ष दोहोंच्या मधला आणि बहुधा सत्याच्या सर्वांत जवळचा आहे: वेदनेशिवाय मारणे शक्य आहे, पण प्रत्यक्षात ते प्रत्येक वेळी होत नाही. २००९ मध्ये कॅनडाने तीन पायऱ्या सक्तीच्या केल्या: आधी प्राणी बेशुद्ध करणे, मग कवटी दाबून ती फुटल्याची खात्री करणे, मग रक्त वाहू देऊन किमान एक मिनिट थांबणे आणि त्यानंतरच सोलणे. फुटणाऱ्या बर्फावर, वाऱ्यात, संधी निसटत असताना माणूस हे मिनिट पाळेल यावर मोहिमेचा विश्वास नव्हता, आणि तसा विश्वास ठेवायला फारसे कारणही नव्हते.

५ मे २००९ रोजी युरोपीय संसदेने ५५० विरुद्ध ४९ मतांनी सीलच्या सर्व वस्तूंच्या विक्रीवर बंदी घालणारा नियम मंजूर केला. इनुइट आणि इतर आदिवासी समाजांची पारंपरिक शिकार, प्रवाशांच्या स्वतःच्या वापराच्या वस्तू आणि मासेमारीच्या व्यवस्थापनासाठी नफ्याविना केलेली छोटी शिकार, एवढे अपवाद ठेवले. त्याच महिन्यात कॅनडाच्या गव्हर्नर जनरल मिशेल जीन यांनी नुनावुत प्रदेशातल्या रँकिन इनलेट गावात सीलचे कच्चे हृदय खाऊन इनुइटांना पाठिंबा दाखवला. कॅनडा आणि नॉर्वे जागतिक व्यापार संघटनेकडे गेले. परक्या देशात प्राणी ज्या रीतीने मारला जातो तिची आपल्या नागरिकांना चीड येते, एवढे कारण त्याची वस्तू बाजारात येऊ न देण्याला पुरेसे आहे का, असा तिथला सवाल होता. मे २०१४ मध्ये संघटनेच्या अपील मंडळाने निकाल दिला: सार्वजनिक नीतिमत्ता जपण्यासाठी अशी बंदी घालता येते. प्राणिकल्याण हे व्यापारबंदीचे ग्राह्य कारण असल्याचे या संघटनेत पहिल्यांदाच मान्य झाले. मात्र अपवाद ज्या रीतीने राबवले जात होते ती मंडळाला पक्षपाती वाटली. ग्रीनलँडच्या इनुइटांना सूट सहज मिळत होती, कॅनडाच्या इनुइटांना मिळत नव्हती. २०१५ मध्ये युरोपीय संघाने नियम दुरुस्त केला, मासेमारी व्यवस्थापनाचा अपवाद काढून टाकला आणि नुनावुत सरकारला कातडी प्रमाणित करण्याचा अधिकार मान्य केला.

बाकीच्या बाजारांनीही दारे लावून घेतली. रशिया, बेलारूस आणि कझाकस्तान यांच्या सीमाशुल्क संघाने २०११ च्या अखेरीस हार्प सीलच्या कातड्याची आयात थांबवली. कॅनडाच्या कातड्याचा मोठा हिस्सा तिथेच जात असल्याने हा फटका युरोपपेक्षाही मोठा होता. तैवानने २०१३ मध्ये आणि भारताने २०१८ मध्ये बंदी घातली. भारतात या कातड्याचा व्यापार नगण्य होता, तरी भारताच्या निर्णयाने जागतिक बंदीच्या यादीत आणखी एका मोठ्या देशाची भर पडली. किमतीवरून परिणाम दिसतो: २००६ मध्ये चांगल्या कातड्याला शंभर डॉलरच्या आसपास मिळत होते, २००९ मध्ये पंधराच्या आसपास. त्या घसरणीत जागतिक मंदीचाही वाटा होता. पण मंदी गेली तरी भाव परत आला नाही.

२०११ पासून पुढची अनेक वर्षे कोटा चार लाखांचा होता, पण मारले जाणारे सील काही वर्षी तीस-चाळीस हजार, काही वर्षी साठ-ऐंशी हजार होते. २०२० मध्ये तर ते काही शेकड्यांवर आले. सीलची संख्या गेल्या दशकात सत्तर लाखांच्या घरात गेल्याचा अंदाज होता, नंतरचे अंदाज त्याहून कमी आहेत. त्यांच्यापुढचे संकट आता वेगळे आहे. आखातातला बर्फ उशिरा बनतो, पातळ राहतो आणि लवकर फुटतो. २०१० आणि २०११ सारख्या वर्षी पोहता न येणारी असंख्य पिल्ले बुडून मेली. मोहिमेच्या संघटना आता हाही मुद्दा मांडतात, पण त्यावर कुठल्याही बाजाराची बंदी चालत नाही.

आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर नामिबियात केप फर सीलची शिकार अजून सुरू आहे. दक्षिण आफ्रिकेने आपली शिकार १९९० मध्ये थांबवली. नामिबियात ती जुलै ते नोव्हेंबरमध्ये होते. आईच्या अंगावर पिणारी पिल्ले सोट्याने मारली जातात, तीही बऱ्याचदा केप क्रॉससारख्या ठिकाणी, जिथे दिवसा पर्यटक सील बघायला येतात. ऐंशी हजार पिल्ले आणि सहा हजार नर असे कोटे तिथे जाहीर झालेले आहेत. कॅनडाइतके जगाचे लक्ष या किनाऱ्याकडे कधी गेले नाही. युरोपात बाजारबंदीचा प्रश्न मात्र पुन्हा उघडला: २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने सीलच्या व्यापारावरच्या आपल्या नियमांचा आढावा सुरू केला. मच्छीमार आणि इनुइट प्रतिनिधी नियम सैल करा म्हणतात, प्राणिकल्याण संस्था ते तसेच ठेवा म्हणतात.